फोटोत नसलेली माणसं : कॉर्की ली आणि ‘डेटाच नाही’ हा प्रश्न

सिनॉप्सिस लिहायला घेतलेले विद्यार्थी मला एक प्रश्न हमखास विचारतात. ‘विषय आवडलाय, पण त्यावर डेटाच मिळत नाही. विषय बदलू का?’ कधी कधी गाइडच तसं सुचवतात, आणि मग एक चांगला विषय कोर्सवर्क संपायच्या आत बाद होतो.

माझं उत्तर असं असतं : बदला हवं तर, पण आधी डेटा का नाही ते शोधा. घटनाच घडल्या नाहीत म्हणून नोंद नाही, की घटना घडल्या आणि त्या कुणी लिहूनच ठेवल्या नाहीत? या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचा फरक आहे. दुसरी शक्यता खरी असेल तर नोंद नसणं हाच तुमचा पहिला पुरावा असतो.

हे नीट समजावं म्हणून आज एका माणसाची ओळख करून देते. ते प्राध्यापक नव्हते, पूर्णवेळ पत्रकारही नव्हते. न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये ते पन्नास वर्षं गळ्यात कॅमेरा अडकवून फिरले आणि आशियाई लोकांवरच्या भेदभावाची, त्याविरुद्धच्या लढ्यांची नोंद करत राहिले. त्यांचं नाव कॉर्की ली. २०२३ साली चायनाटाउनमधल्या मॉस्को स्ट्रीट या छोट्या रस्त्याला ‘कॉर्की ली वे’ हे जोडनाव मिळालं. एका स्थानिक स्वयंसेवकाचा हा सन्मान आपल्यासारख्या संशोधन करू पाहणाऱ्यांच्या कामाचा का आहे, ते पाहू.

आधी माणूस

ली यांचा जन्म १९४७ सालचा, न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातला. आईवडील चीनमधून आलेले. वडिलांची लाँड्री होती, आई शिवणकाम करायची. घरातून कॉलेजात जाणारे ते पहिले. क्वीन्स कॉलेजात त्यांनी अमेरिकेचा इतिहास हा विषय घेतला होता. फोटोग्राफीचं शिक्षण मात्र कुठेच घेतलं नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड आणि चायनाटाउन भागात वस्तीपातळीवर काम करू लागले. कॅमेरा घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून सुरुवात उसन्या कॅमेऱ्यावर झाली. पुढे पोटासाठी छपाईच्या व्यवसायात नोकरी केली. फोटो काढायचे ते कामावरून सुटल्यावर, सुटीच्या दिवशी आणि बहुतेक वेळा स्वतःच्या खर्चाने.

मोर्चा असो, सभा असो, चिनी नववर्षाची मिरवणूक असो की माजी सैनिकांचा कार्यक्रम, ली तिथे असायचेच. चायनाटाउनमध्ये लोक त्यांना नावाने ओळखायचे. आपल्या कामाला त्यांनी एक नाव दिलं होतं : ‘फोटोग्राफिक जस्टिस’, म्हणजे फोटोतून मिळवून दिलेला न्याय. ऐकायला हे घोषणेसारखं वाटतं, पण त्यामागे एक अगदी ठोस गोष्ट होती : शाळेच्या पुस्तकातला एक फोटो.

१० मे १८६९ चा तो फोटो

अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम भागांना जोडणारी पहिली रेल्वे १० मे १८६९ रोजी युटामधल्या प्रॉमंटरी इथे पूर्ण झाली. पश्चिमेकडून सेंट्रल पॅसिफिक कंपनी रूळ टाकत आली, पूर्वेकडून युनियन पॅसिफिक. दोन इंजिनं समोरासमोर उभी, मध्ये अधिकारी हात मिळवताहेत, भोवती माणसांची दाटी, कुणी इंजिनावर चढून बाटली पुढे करतंय, असा अँड्र्यू रसेल या फोटोग्राफरने टिपलेला फोटो अमेरिकेच्या शालेय पुस्तकांत वर्षानुवर्षं छापला गेला.

सेंट्रल पॅसिफिकच्या बाजूचं काम प्रामुख्याने चिनी मजुरांनी केलं होतं. सिएरा नेवाडाच्या डोंगरातले बोगदे खोदणं, सुरुंग लावणं, बर्फात रूळ टाकणं ही सगळी त्यांची कामं. त्यांची संख्या वेगवेगळ्या अंदाजांनुसार दहा ते वीस हजारांच्या घरात जाते. काम जोरात असताना कंपनीच्या मजुरांत दहातले नऊ चिनी होते, असं इतिहासकार मांडतात. शाळकरी कॉर्कीने पुस्तकातला तो फोटो भिंग घेऊन तपासला. त्यात त्याला चिनी माणूस दिसला नाही.

इथेच थांबून विचार करा. संशोधक म्हणून या निरीक्षणाचं तुम्ही काय कराल? ‘फोटोत नाहीत, म्हणजे नव्हते’ असं लिहिणं चूक. ‘फोटोत नाहीत, म्हणजे मुद्दाम हाकलले’ असं थेट लिहिणंही घाईचं. मधला रस्ता दाखवणारी एक चौकट आहे. आजच्या लेखाचा गाभा तीच.

गप्पपणा चार ठिकाणी शिरतो

मिशेल-रॉल्फ ट्रुयो हे मूळचे हैतीचे मानववंशशास्त्रज्ञ. ‘सायलेन्सिंग द पास्ट’ हे त्यांचं पुस्तक १९९५ साली आलं. इतिहास लिहिला जात असताना गप्पपणा चार टप्प्यांवर आत शिरतो, अशी त्यांची मांडणी आहे. एक, मूळ साधन तयार होताना. दोन, साधनं जमवून अर्काइव्ह बनताना. तीन, त्या अर्काइव्हमधून वेचून कथन रचताना. आणि चार, मागे वळून ‘कशाला महत्त्व द्यायचं’ हे ठरवताना. चारही टप्पे रेल्वेच्या उदाहरणावर लावून पाहू.

पहिला टप्पा, साधन तयार होताना. सेंट्रल पॅसिफिकच्या पगारपत्रकांत एकेका चिनी मजुराचं नाव सहसा सापडत नाही. नाव असतं ते टोळीच्या म्होरक्याचं किंवा कंत्राटदाराचं. पैसे त्याच्या हातात जायचे आणि तो पुढे वाटायचा. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. ऊसतोडीची उचल आणि करार मुकादमाच्या नावाने होत असेल, तर कारखान्याच्या कागदांत कोयत्यावरच्या बाईचं नाव कुठून येणार? माणूस दिवसभर राबला तरी कागद तयार होतानाच तो गळाला.

दुसरा टप्पा, अर्काइव्ह बनताना. रेल्वे कंपनीच्या मालकांची पत्रं जपली गेली. मजुरांनी लिहिलेलं मात्र एकही पत्र किंवा रोजनिशी आजवर संशोधकांच्या हाती लागलेली नाही. कुणी काही लिहिलंच नसेल असं नाही, पण त्यांचे कागद जपणारी संस्था नव्हती. त्यातच १८८२ चा चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा आला आणि तो १९४३ पर्यंत टिकला. ज्या समाजाचं देशात असणंच नको होतं, त्याचे कागद कोण सांभाळणार?

तिसरा टप्पा, कथन रचताना. हा मुद्दा फार जणांच्या लक्षात येत नाही. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी रसेल यांनी काढलेल्या दुसऱ्या एका छायाचित्रात चिनी मजूर शेवटच्या रुळाचं काम करताना दिसतात. म्हणजे पुरावा होता, अर्काइव्हमध्ये जपलेलाही होता. पाठ्यपुस्तकवाल्यांनी उचलला तो हात मिळवण्याचा फोटो. गप्पपणा शिरला तो निवडीत.

चौथा टप्पा, महत्त्व ठरवताना. १९६९ साली प्रॉमंटरीला शताब्दी सोहळा झाला. चिनी अमेरिकन इतिहास संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष फिलिप चॉय यांना तिथे बोलायला मिळायचं होतं, ते ऐनवेळी कापलं गेलं. अमेरिकेचे वाहतूकमंत्री जॉन व्होल्पी यांनी भाषणात या कामाचं सगळं श्रेय ‘अमेरिकनांना’ दिलं आणि चिनी मजुरांचा उल्लेखच केला नाही. मुळात त्या मजुरांना नागरिकत्व घेण्याची मुभा नव्हती.

आता तुमच्या ‘डेटाच नाही’ या तक्रारीकडे परत या. तुमच्या विषयातला डेटा या चारांपैकी नेमका कुठे गळलाय? उत्तर पहिला टप्पा असेल तर मुलाखती घ्याव्या लागतील. दुसरा असेल तर घरांत आणि संस्थांच्या कपाटांत शोधावं लागेल. तिसरा असेल तर ज्या फायली सगळ्यांनी पाहिल्यात त्याच पुन्हा उघडायच्या, पण वेगळा प्रश्न घेऊन. चौथा असेल तर समारंभ, स्मारकं, पाठ्यपुस्तकं हाच तुमचा डेटा.

स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१२ पासून गॉर्डन चँग आणि शेली फिशर फिशकिन यांच्या नेतृत्वाखाली चिनी रेल्वे मजुरांवर एक मोठा प्रकल्प झाला. मजुरांचं एकही पत्र नसताना पगारपत्रकं, जुनी वर्तमानपत्रं, छावण्यांच्या जागी उत्खननात मिळालेल्या वस्तू आणि मजुरांच्या वंशजांच्या मुलाखती असं सगळं एकत्र करून त्यांनी हा इतिहास उभा केला. आपल्याकडे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक करताना आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या, ती याच जातीची मेहनत. पद्धतीचं प्रकरण लिहिताना ही दोन्ही कामं शेजारी ठेवून वाचा.

ली यांनी काय केलं?

स्टॅनफर्डचे संशोधक दीडशे वर्षांनी साधनं शोधत होते. ली यांनी घटना घडत असतानाच साधन तयार करायला सुरुवात केली. त्यांचं काम पहिल्या टप्प्यावरचं.

१९७४ साली चायनाटाउनमध्ये कन्फ्युशियस प्लाझा हा मोठा गृहप्रकल्प उभा राहत होता. वस्ती चिनी लोकांची, पण बांधकामावर आशियाई कामगार घ्यायला कंत्राटदार तयार नव्हता. त्याविरुद्ध तरुणांनी निदर्शनं केली आणि ली यांनी ती टिपली. पुढच्या वर्षी पीटर यू या तरुण चिनी अमेरिकन इंजिनिअरला पोलिसांनी मारहाण केली. मे १९७५ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले, चायनाटाउनची दुकानं बंद राहिली. चेहऱ्यावरून रक्त ओघळतंय आणि पोलीस ओढत नेताहेत, असा एका माणसाचा ली यांनी काढलेला फोटो ‘न्यूयॉर्क पोस्ट’च्या पहिल्या पानावर आला. चिनी लोक मुकाट्याने सोसतात, तक्रार करत नाहीत, असा समज तेव्हा सर्रास होता. त्या समजाला धक्का देणारा कागद आता वर्तमानपत्राच्या फायलीत कायमचा जाऊन बसला.

‘आशियाई’ या शब्दाचा त्यांचा अर्थही मोठा होता. आपल्याकडे हा शब्द ऐकला की चीन-जपान डोळ्यांसमोर येतं. अमेरिकेच्या जनगणनेत मात्र आपणही त्याच रकान्यात बसतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर चारच दिवसांत ॲरिझोनातल्या मेसा शहरात बलबीरसिंग सोढी या शीख पेट्रोल पंपचालकाची हत्या झाली. मारेकऱ्याने पगडी पाहून शत्रू ठरवला होता. त्याच काळात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या मेणबत्ती सभेत अमेरिकेचा झेंडा अंगाभोवती लपेटून उभ्या असलेल्या शीख माणसाचा ली यांनी काढलेला फोटो त्यांच्या सर्वांत ओळखल्या जाणाऱ्या फोटोंपैकी एक आहे. चायनाटाउनच्या माणसाला तिथे जायची सक्ती नव्हती. पण १९८२ साली डेट्रॉइटमध्ये व्हिन्सेंट चिन या चिनी अमेरिकन तरुणाला मोटार कारखान्याशी संबंधित दोघांनी जपानी मोटारींच्या रागातून मारलं होतं, हे त्या पिढीच्या चांगलं लक्षात होतं. द्वेष करणारा माणूस पासपोर्ट तपासत नाही.

मग हे फोटो पुरावा म्हणून कसे वापरायचे?

व्हायवात विचारला जाईल असा प्रश्न आधीच घेऊ. ‘हा फोटोग्राफर तर चळवळीच्या बाजूचा. त्याचं साधन वस्तुनिष्ठ कसं?’

याचं उत्तर ‘तो खूप प्रामाणिक होता’ असं देऊ नका. उत्तर असं : कोणतंही साधन कुणाच्या तरी बाजूने उभं राहूनच तयार होतं. पोलिसांचा अहवाल पोलिसांच्या बाजूने, कंपनीचं पगारपत्रक कंपनीच्या बाजूने. संशोधकाने बाजू उघड सांगायची आणि दुसऱ्या बाजूच्या साधनाशी ताडून पाहायचं. १९७५ चा फोटो एका क्षणाचा आहे. त्याच्या एक मिनिट आधी काय झालं, चौकटीबाहेर कोण होतं, हे तो सांगत नाही. त्यासाठी त्या दिवसांची वर्तमानपत्रं, कोर्टाचे कागद आणि हजर असलेल्यांच्या आठवणी लागतात.

दुसरा मुद्दा जास्त नाजूक आहे. मे २०१४ मध्ये, रेल्वे पूर्ण झाल्याला १४५ वर्षं होत असताना, ली चिनी अमेरिकन लोकांना घेऊन प्रॉमंटरीला गेले. त्यांत रेल्वे मजुरांचे वंशजही होते. जुन्या फोटोत होती तशीच दोन इंजिनांची जागा, आणि त्यांच्यासमोर सगळे उभे. शाळेत भिंगातून जे दिसलं नव्हतं ते त्यांनी स्वतःच उभं केलं.

हा फोटो कशाचा पुरावा आहे? १८६९ चा अजिबात नाही. १८६९ बद्दल तो आपल्याला नवं काही सांगत नाही आणि त्या वर्षाच्या प्रकरणात तो साधन म्हणून लावला तर परीक्षक आक्षेप घेतील, घ्यायलाच हवा. तो पुरावा आहे २०१४ चा : त्या साली एका समाजाला कोणती आठवण परत मिळवावीशी वाटत होती, ती कोणत्या जागी आणि कोणत्या पद्धतीने, याचा. ट्रुयो यांच्या चौथ्या टप्प्यावरचं हे साधन. तेव्हा कुठलाही फोटो, पत्र किंवा पोवाडा हातात आला की ‘हे खरं आहे का’ याच्या जोडीला ‘हे नेमकं कोणत्या वर्षाबद्दल खरं आहे’ असंही विचारत जा.

आकड्यांतही हेच घडतं

‘माझा विषय संख्यात्मक आहे, फोटोबिटोंचं मला काय?’ असं म्हणणाऱ्यांसाठी हा भाग.

२०२० साली कोविड पसरला आणि अमेरिकेत आशियाई चेहऱ्याच्या लोकांवर राग निघू लागला. त्याचं प्रमाण किती होतं, याची दोन उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर सरकारी. एफबीआयच्या नोंदीनुसार आशियाई लोकांविरुद्धचे द्वेषमूलक गुन्हे २०१९ मध्ये १५८ होते, २०२० मध्ये २७९ आणि २०२१ मध्ये ७४६.

दुसरं उत्तर लोकांनी गोळा केलेलं. सिंथिया चोई, मंजूषा कुलकर्णी आणि रसेल ज्युंग या तिघांनी आपापल्या संस्थांमार्फत मार्च २०२० मध्ये ‘स्टॉप एएपीआय हेट’ हे नोंदणी केंद्र सुरू केलं. (कुलकर्णी हे आडनाव आपल्याला ओळखीचं. मंजूषा यांचा जन्म भारतातला, बालपण अलाबामात गेलेलं.) ज्याला अनुभव आला त्याने स्वतःच्या भाषेत फॉर्म भरायचा, एवढीच पद्धत. १९ मार्च २०२० ते ३१ मार्च २०२२ या काळात तिथे ११,४६७ घटना नोंदल्या गेल्या.

काही शे की साडेअकरा हजार? खरं कोण? घाईत वाचणारा म्हणेल की एकाने लपवलं, नाहीतर दुसऱ्याने फुगवलं. नीट वाचलं तर दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजताहेत.

एफबीआय मोजते ते गुन्हे, आणि तेही पोलिसांकडे आलेले, पोलिसांनी द्वेषमूलक म्हणून लिहिलेले आणि पुढे पाठवलेले. प्रत्येक पायरीवर काही गळतं. अमेरिकेच्या न्याय-सांख्यिकी विभागाच्या पीडित-सर्वेक्षणानुसार २०११ ते २०१५ या काळात द्वेषमूलक गुन्ह्यांपैकी ५४ टक्के पोलिसांपर्यंत पोचलेच नव्हते. त्यात २०२१ मध्ये एफबीआयने नोंदीची पद्धत बदलली. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिससारख्या मोठ्या शहरांचे आकडे पहिल्या अहवालात नव्हतेच, ते नंतरच्या पुरवणीत आले. ७४६ हा आकडा पुरवणीनंतरचा आहे. तक्ता बनवताना पहिला अहवाल उचलला तर तुमचा आलेख खोटं बोलेल.

‘स्टॉप एएपीआय हेट’ मोजते ते अनुभव. त्यातल्या दर तीन घटनांपैकी साधारण दोन म्हणजे शिवीगाळ, टोमणे, अपमानाचे हावभाव. यातलं बरंचसं कायद्याच्या भाषेत गुन्हा ठरत नाही, म्हणून पोलिसांच्या वहीत ते कधीच येणार नाही. पण रोज बसमध्ये शिव्या खाणाऱ्या आजीबाईंनी घराबाहेर पडणं सोडलं, तर तो परिणाम खराच असतो.

या दुसऱ्या साधनाच्या मर्यादाही स्पष्ट लिहा. नोंद करणारे आपण होऊन आलेले आहेत, नमुना यादृच्छिक नाही. ज्यांना केंद्र माहीत आहे तेच लिहिणार. म्हणून या आकड्यावरून ‘आशियाई लोकांपैकी इतके टक्के’ असं विधान करता येत नाही, कारण छेद आपल्याकडे नाही. पण कोणत्या प्रकारचा त्रास, कुठे, कोणाला, कोणत्या शब्दांत, हे समजायला यासारखं साधन नाही. मे २०२१ मध्ये अमेरिकेत कोविड-१९ द्वेषगुन्हे कायदा झाला. त्यात अशा घटनांची तक्रार ऑनलाइन आणि अनेक भाषांत करता यावी यावर भर आहे. नोंदीच्या फॉर्मची भाषा हा राजकीय प्रश्न आहे हे तिथल्या संसदेलाही पटलं, असं यावरून म्हणता येतं.

सन्मान कशाला म्हणायचं?

कोविडच्या त्या पहिल्या वर्षात सत्तरी ओलांडलेले ली घरात बसले नाहीत. चायनाटाउनमध्ये वृद्धांना त्रास होऊ नये म्हणून स्वयंसेवक गस्त घालत होते, त्यांचे फोटो ते काढत होते. २७ जानेवारी २०२१ रोजी कोविडनेच त्यांचं निधन झालं. वय ७३.

रस्त्याला नाव मिळालं ही चांगलीच गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये अशा जोडनावासाठी वस्तीतून मागणी व्हावी लागते आणि शहराच्या कौन्सिलची मंजुरी लागते. मूळ नाव तसंच राहतं, त्याच्याजवळ दुसरी पाटी लागते. पण संशोधनाच्या नजरेने पाहिलं तर पाटीहून मोठा सन्मान २०२४ साली झाला. ली यांच्या पन्नास वर्षांच्या फोटोंचं पुस्तक निघालं आणि त्याच्या संपादनात इतिहासकार मे नाय होत्या. फोटो निवडणं, ते कधीचे आणि कुठले हे लावणं, त्यातली माणसं ओळखणं, हे काम झालं म्हणून तो साठा आता पुढच्या संशोधकाला वापरता येईल. तसं झालं नसतं तर ट्रुयो यांच्या दुसऱ्या टप्प्यावर तोही गळाला असता. फोटो काढणारा गेला की ‘हा माणूस कोण?’ याचं उत्तर त्याच्याबरोबर जातं.

मला वाटतं, इथे आपली जबाबदारी सुरू होते. प्रबंध लिहिताना आपण अशा लोकांकडून बरंच घेतो. कुणा कार्यकर्त्याने तीस वर्षं जपलेली कात्रणं, कुणा शिक्षिकेची वही, कुणा संघटनेचं इतिवृत्त. ऋणनिर्देशात शेवटच्या ओळीत ‘आणि इतर सर्वांचे आभार’ लिहून आपण मोकळे होतो. ज्याच्या नोंदीवर तुमचं तिसरं प्रकरण उभं आहे तो ‘इतर’ नसतो. त्याचा उल्लेख साधनांच्या चर्चेत, त्याला चालत असेल तर नावानिशी, व्हायला हवा.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

शेवटी, उद्यापासून करता येतील अशा चार गोष्टी.

१. ‘डेटा उपलब्ध नाही’ हे वाक्य खोडा. त्याजागी डेटा चारपैकी कोणत्या टप्प्यावर गळला आणि हे तुम्हाला कशावरून वाटतं, ते दोन-तीन वाक्यांत लिहा. लिटरेचर रिव्ह्यूमधली तुमची ‘रिसर्च गॅप’ बहुधा इथेच सापडेल.

२. तुमच्या विषयातला कॉर्की ली शोधा. प्रत्येक गावात, वस्तीत, संघटनेत असा एक माणूस असतोच. तो बहुतेक वेळा पदाधिकारी नसतो. ‘जुने फोटो, कागद कुणाकडे असतील?’ असं चार जणांना विचारलं की एकच नाव पुन्हा पुन्हा येतं.

३. त्यांच्याकडे जाताना फक्त स्कॅनर नेऊ नका, वेळ न्या. प्रत्येक फोटोमागे तारीख, जागा आणि माणसांची नावं त्यांच्याकडूनच लिहून घ्या. स्कॅनची एक प्रत त्यांना द्या. कोणतं नाव छापायचं आणि कोणतं नाही, याची लेखी परवानगी घ्या. मारहाणीची, अपमानाची नोंद असेल तर ही काळजी दुप्पट, कारण नाव बाहेर आल्यावर त्रास त्या माणसाला होतो, आपल्याला नाही.

४. प्रत्येक साधनापुढे वहीत तीन रकाने करा : कुणी तयार केलं, कोणत्या वर्षाबद्दल बोलतं, कोण यात दिसत नाही. तिसरा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो. बाकीचे दोन एका बैठकीत होतात.

विषय बदलायचा की नाही, हे ही चार कामं झाल्यावर ठरवा. तोवर गाइडनी विचारलं तर ‘डेटा कुठे गळला ते शोधतेय’ किंवा ‘शोधतोय’ असं सांगा. बहुतेक गाइडना हे उत्तर आवडतं, आणि नाही आवडलं तरी निदान चर्चा योग्य जागी सुरू होते.